बर्लिनमध्ये चिऊची पहिली: अर्ज, चाचणी, नकार आणि शेवटी शाळा

बर्लिनचा नियम सरळ आहे. ३० सप्टेंबरपर्यंत ज्या मुलाला सहा वर्षं पूर्ण होतात, ते त्या वर्षी पहिलीत जातं. घरीच शिकवू म्हटलं तर चालत नाही, शाळा सक्तीची आहे. आमची चिऊ एप्रिल २०१८ ची, म्हणजे तिची पहिली २०२४ ला. पण धावपळ सुरू झाली ती २०२३ च्या उन्हाळ्यातच, आणि नाव नोंदवायची वेळ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सांगलीत सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अजून वर्ष आहे की!" त्यांचं बरोबर होतं, पण इथलं सरकारी घड्याळ वर्षभर पुढे चालतं.

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सप्टेंबरला तेच प्रश्न येतात. इंग्रजी शाळेचं काय करायचं, खासगीत टाकायचं का, भाषेची परीक्षा असते म्हणतात ती काय असते. दर वेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. आमचा अनुभव जर्मन-इंग्रजी शाळेचा आहे, आणि आकडे-तारखा २०२३-२४ च्या आहेत.

आधी शाळांचे प्रकार, कारण आम्हाला तेच समजायला वेळ लागला. पहिला प्रकार खासगी आंतरराष्ट्रीय शाळांचा. बऱ्याचशा इंग्रजी माध्यमाच्या, काही जर्मन-इंग्रजी. फी वर्षाला पंधरा हजार युरोच्या आसपास किंवा त्याहून जास्त, काही ठिकाणी उत्पन्न बघून कमी. जर्मनीत सरकार प्रत्येक मुलामागे 'किंडरगेल्ड' देतं, २०२३-२४ मध्ये ते महिन्याला २५० युरो होतं, म्हणजे वर्षाचे तीन हजार. बाकीचं गणित ज्याचं त्याने करावं.

दुसरा प्रकार म्हणजे सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा, विल्मर्सडॉर्फमधली नेल्सन मंडेला शाळा. फी नाही. पण ती प्रामुख्याने नोकरीमुळे देशोदेशी फिरणाऱ्या कुटुंबांसाठी आहे आणि तसं कंपनीचं पत्र लागतं. नवऱ्याची नोकरी इथे कायमस्वरूपी. कंपनीने खोटं पत्र दिलं नसतं आणि आम्ही मागितलंही नसतं, त्यामुळे तो दरवाजा आम्ही ठोठावलाच नाही.

तिसरा प्रकार 'श्टाटलिशं ऑयरोपाशूल बर्लिन', ज्याला सगळे एसईएसबी म्हणतात. १९९२ पासून चालू आहे. जर्मनच्या जोडीला एक भाषा: इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, इटालियन, तुर्की, ग्रीक, पोर्तुगीज किंवा पोलिश. वर्गातल्या निम्म्या मुलांची जर्मन पक्की असते, निम्म्यांची दुसरी भाषा, आणि दोन्ही भाषांचे शिक्षक त्या-त्या भाषेत शिकवतात. गणित जर्मनमध्ये, परिसर अभ्यास दुसऱ्या भाषेत. फी शून्य. जर्मन-इंग्रजीसाठी प्राथमिक शाळा मोजक्याच आहेत. वेस्टएंडची चार्ल्स डिकन्स आणि डाहलेमची क्वेंटिन ब्लेक ही नावं तुमच्या कानावर आली असतीलच. चिऊ कोणत्या शाळेत आहे ते मात्र लिहीत नाही, आईपणाची तेवढी सावधगिरी.

सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही शाळा बघत फिरलो. इथे 'उघड्या दाराचा दिवस' असतो, शाळा सकाळभर पालकांसाठी खुली. त्या दिवशी वर्ग बघायचे, स्वच्छतागृह बघायचं (खरंच बघा), आणि भिंतीवर मुलांचं काय लावलंय ते वाचायचं. एका खासगी शाळेत आम्हाला कॉफी, केक आणि चकचकीत माहितीपुस्तिका मिळाली. सरकारी शाळेत तिसरीतल्या एका मुलाने हात धरून सगळी शाळा फिरवली आणि मध्येच विचारलं, "तुमचं मूल कुठंय? हरवलं का?" आम्ही तिथेच पक्के झालो होतो, पण तसं एकमेकांना सांगितलं नाही, कारण जागा मिळेल की नाही याचा काही नेम नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी सरकारी पत्र आलं. इथे प्रत्येक पत्त्याला एक ठरलेली शाळा असते, तिला 'आइनत्सुग्सशूल' म्हणतात. तुम्हाला दुसरी कुठलीही सरकारी शाळा हवी असली तरी आधी या ठरलेल्या शाळेतच जाऊन नाव नोंदवायचं आणि तिथेच दुसऱ्या शाळेची इच्छा नोंदवायचा फॉर्म भरायचा. जास्तीत जास्त तीन शाळा लिहिता येतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने थेट हव्या त्या शाळेत अर्ज नेला आणि त्यांना परत पाठवलं. म्हणून हे ठळकपणे सांगते: पहिला मुक्काम घराजवळची शाळा.

याच नियमाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती आम्हाला कुणी नीट सांगितली नव्हती. हव्या त्या शाळेने नकार दिला तर सरकार तुमच्या मुलाला जागा देतंच, बहुतेक वेळा त्याच घराजवळच्या शाळेत. मूल बिनशाळेचं राहत नाही. पुण्या-मुंबईत ज्यांनी प्रवेशाच्या मोसमात पालकांचे चेहरे पाहिलेत त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल. सासूबाईंचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "डोनेशन किती मागतायत?" मी म्हटलं, काहीच नाही. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "मग शाळा कशी असेल कुणास ठाऊक."

नोंदणीला नेलेली कागदपत्रं: चिऊचा जन्मदाखला, तिचा आणि आमचे पासपोर्ट, निवास परवाने, पत्त्याची नोंद असलेलं मेल्डेबेशाइनिगुंग, आणि लसीकरणाचं पुस्तक. दाखला सांगली महापालिकेचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला, त्यामुळे त्याचं जर्मन भाषांतर कुणी मागितलं नाही. शपथबद्ध अनुवादकाकडे आधीच पैसे घालू नका, मागितल्यावर करा. फॉर्मवर आई-बाबा दोघांच्याही सह्या लागतात. नवरा त्या आठवड्यात म्युनिकला होता, म्हणून त्याचं सही केलेलं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत मी सोबत नेली. ती मागितलीच.

नावाची एक गंमत. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात मुलाचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही येतं. इथे ती दोन्ही मुलाचीच नावं समजली जातात. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, चिऊच्या जॅकेटच्या खुंटीवर पहिले काही दिवस तिच्या बाबांच्या नावाची चिठ्ठी होती. या वेळी मी सेक्रेटरीबाईंना आधीच सांगितलं की हाक पहिल्या नावानेच मारा, आणि त्यांनी फॉर्मवर त्या शब्दाखाली रेघ मारून घेतली. तुम्हीही हे तोंडी सांगा, फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही.

मग घरची भाषा. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हिंदी?" मी म्हटलं, "नाही, मराठी." त्यांनी हिज्जे विचारून लिहून घेतलं. पुढचा रकाना एसईएसबीचा: मूल कोणत्या गटात, जर्मन की इंग्रजी? तिसरा पर्यायच नाही. चिऊ घरात मराठी बोलते, किटात जर्मन, आणि इंग्रजी तिला कार्टून, पुस्तकं आणि आमच्या मित्रमंडळींमुळे येते. आम्ही इंग्रजीला खूण केली. कारण अगदी सरळ होतं, घरचा अभ्यास आम्हाला घेता आला असता. नवऱ्याची जर्मन पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात सुरू झाली आणि कामापुरती आहे. माझी दुकान आणि डॉक्टर यांच्यापलीकडे फारशी जात नाही.

नोव्हेंबर सगळा वाट बघण्यात गेला. डिसेंबरात भाषेच्या चाचणीचं पत्र आलं, जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळची वेळ. ग्रुपवर कुणी म्हणे चित्रांची नावं विचारतात, कुणी म्हणे अक्षरं ओळखायला लावतात. मी चिऊला फळं, भाज्या, प्राणी असं इंग्रजीतून घोकून घ्यायला सुरुवात केली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आई, आपण मराठीत खेळू या का?" आणि घोकणं तिथेच थांबलं.

प्रत्यक्षात चाचणी अशी झाली. चार-पाच मुलं एका वर्गात, पालक बाहेर. दोन शिक्षिका, एक फक्त जर्मन बोलणारी, एक फक्त इंग्रजी. मोठ्या चित्रातली गोष्ट सांगायची, एक बाहुली प्रश्न विचारते तिला उत्तरं द्यायची, कागद कापा-चिकटवा करताना सूचना ऐकायच्या. अक्षर-ओळख कुणी विचारली नाही. पाऊण-एक तासात आटोपलं. बाहेर आल्यावर चिऊने बाहुलीला नाव नव्हतं अशी तक्रार केली, चाचणीबद्दल तिचं तेवढंच म्हणणं.

पुढच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. बाई शांतपणे समजावून सांगत होत्या: तुमच्या मुलीची जर्मन वयाला साजेशी पक्की आहे, इंग्रजी समजते पण वाक्यं अजून बनत नाहीत, तिला इंग्रजी गटात घेता येणार नाही, जर्मन गटात अर्ज न्यायचा का? माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. आमच्या घरात सगळ्यात कच्ची भाषा जर्मन, आणि सरकारदरबारी मुलीची मातृभाषा म्हणून लागणार तीच! त्या रात्री नवऱ्याशी बोलताना लक्षात आलं की चिऊ भांडते कोणत्या भाषेत, तर जर्मनमध्ये. बाहुल्यांशी बोलते जर्मनमध्ये. झोपेत बडबडते ती मराठीत, पण तो रकाना त्या फॉर्मवर नव्हता.

यात एक व्यावहारिक मुद्दा आहे, तो गट निवडताना नीट समजून घ्या. या शाळांत मूल वाचायला-लिहायला आधी त्याच्या पक्क्या भाषेत शिकतं, दुसरी भाषा सुरुवातीला बोलण्या-ऐकण्यातून येते आणि तिचं लिखाण पुढे सुरू होतं. म्हणजे गट ठरवताना पहिलं अक्षर कोणत्या भाषेतलं हे ठरतं. पालकांना अभ्यास घेता येईल का, हा प्रश्न आमच्या सोयीचा होता. चिऊला कोणत्या भाषेत विचार मांडता येतो, हा शाळेचा प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. आम्ही हो म्हटलं.

मधल्या काळात खासगी शाळेचं लफडं. आम्ही एका खासगी द्विभाषिक शाळेतही अर्ज केला होता. त्यांनी जागा देऊ केली आणि करारावर सही करून नोंदणीचे पाचशे युरो भरायला फेब्रुवारीअखेरची मुदत दिली. पैसे परत मिळणार नव्हते. सरकारी निर्णय मेमध्ये. या दोन तारखांमधल्या तीन महिन्यांवर त्या शाळांची बरीच कमाई होत असावी असं माझं आपलं मत झालं आहे. आम्ही तीन दिवस खल केला आणि पैसे भरले नाहीत. घराजवळच्या शाळेत जागा आहेच हे माहीत नसतं तर नक्की भरले असते. करार वाचताना एक गोष्ट बघा: शाळा सोडायची नोटीस किती महिन्यांची आहे. त्यांची वर्षाच्या शेवटापर्यंत बांधून ठेवणारी होती.

फेब्रुवारीतच शाळा-प्रवेशाची वैद्यकीय तपासणी. ही प्रत्येक मुलाला सक्तीची आणि मोफत, आपल्या भागातल्या आरोग्य कार्यालयात. एका पायावर उडी मारायची, माणसाचं चित्र काढायचं, आकार नकलायचे, मोजायचं, दृष्टी आणि श्रवण तपासायचं. सोबत लहानपणच्या तपासण्यांचं पिवळं पुस्तक आणि लसीकरणाचं पुस्तक न्यायचं. मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेसाठी गोवराच्या दोन लसींचा पुरावा बंधनकारक आहे. चिऊच्या लसी सांगलीत झालेल्या, नवव्या महिन्यात पहिली आणि पंधराव्या महिन्यात दुसरी, नोंद आपल्या कार्डावर. बर्लिनला आल्या-आल्याच आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून त्या सगळ्या नोंदी इथल्या पिवळ्या लसपुस्तकात शिक्का-सहीसह उतरवून घेतल्या होत्या, म्हणून इथे दोन मिनिटांत काम झालं. हे शाळेच्या वर्षाआधीच उरकून टाका. डॉक्टरबाईंना दंडावरच्या बीसीजीच्या व्रणाचं कुतूहल वाटलं. इथे ती लस आता सरसकट देत नाहीत.

चित्रात चिऊने आजी काढली, नऊवारीसकट. डॉक्टरबाईंनी विचारलं, ही कोण? ती म्हणाली, "ओमा. ती विमानाने येते." शेरा: वयानुरूप.

मार्च, एप्रिल, मे. या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तरी सगळ्यात जड गेला तोच. रोज टपालपेटी. इथे अजून सगळे महत्त्वाचे निर्णय कागदावर येतात, फोन करून विचारलं तर "पत्र येईल" एवढंच उत्तर. किटातल्या इतर मुलांच्या आयांना पत्रं यायला लागली तसं त्यांच्याशी बोलणं अवघड होऊ लागलं. एकीने तर मला बघून पिशवीत पाकीट लपवलं असं मला वाटलं. बहुतेक बिल असेल.

मेच्या शेवटी पत्र आलं. नकार. चाचणी उत्तीर्ण झालेली मुलं जागांपेक्षा जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि चिऊची निघाली नाही. दोन पानी पत्रात तीन गोष्टी होत्या: घराजवळच्या शाळेत जागा पक्की आहे, चिऊ प्रतीक्षा यादीत आहे, आणि हा निर्णय मान्य नसेल तर महिन्याभरात 'विडरश्प्रुख', म्हणजे लेखी हरकत, घेता येते. काही पालक वकील करून पुढे प्रशासकीय न्यायालयातही जातात. आमच्याकडे तेवढा पैसाही नव्हता आणि खरं सांगायचं तर चिठ्ठीवर भांडायला मुद्दाही नव्हता. नवऱ्याने साधी एक पानी हरकत लिहिली, फक्त आमचा हक्क शाबूत राहावा म्हणून, आणि ती नोंदणीकृत टपालाने पाठवली. पावती जपून ठेवा.

त्याच आठवड्यात आम्ही चिऊला घराजवळची शाळा दाखवून आणली. मागच्या अंगणात ससे होते. तिचं मत लगेच पडलं. माझंही अर्धं पडलं. तिथे जर्मनसोबत इंग्रजी तिसरीपासून असते, किटातल्या तीन मैत्रिणी तिथेच जाणार होत्या, चालत आठ मिनिटं. हे सांगते कारण द्विभाषिक शाळेच्या नादात आम्ही त्या शाळेकडे वर्षभर नीट बघितलंही नव्हतं.

आणि मग जूनच्या अखेरीस फोन. प्रतीक्षा यादी पुढे सरकली होती. या शाळांत परदेशी कुटुंबं बरीच, उन्हाळ्यात कुणाची बदली होते, कुणी मायदेशी जातं, आणि जागा रिकाम्या होतात. जागा हवी आहे का, उद्या दुपारपर्यंत सांगा. चिऊला विचारलं. "ससे आहेत का तिथे?" नाहीत. "मग बाहुली आहे का?" आहे. बरं मग. आमच्या घरात हा निर्णय सश्यांविरुद्ध बाहुली असा झाला. यादीतलं नाव नकारानंतर काढून घेऊ नका आणि जून-जुलैत फोन जवळ ठेवा. सांगलीला जायची तिकिटं आम्ही जुलैची काढली होती. भारतात असतानाही ईमेल आणि फोन येतील अशी सोय करून गेलो, कारण प्रवेशाचे कागद सुट्टीतच आले.

खर्चाचं बोलायचं तर सरकारी शाळेत बर्लिनमध्ये फी नाही, सहावीपर्यंत पुस्तकं शाळा देते, दुपारचं जेवण फुकट, बस-ट्रेनचं विद्यार्थी कार्ड फुकट, आणि पहिली-दुसरीला शाळेनंतरचा 'हॉर्ट' म्हणजे सांभाळणंही फुकट. पण फुकट गोष्टींनाही अर्ज लागतो, आणि तो प्रत्येकासाठी वेगळ्या ठिकाणी. हॉर्टचा अर्ज भागाच्या बालकल्याण कार्यालयाकडे, लवकर करा. जेवणाचा करार थेट जेवण पुरवणाऱ्या कंपनीशी. तो केला नाही तर मूल पहिल्या दिवशी ताटाशिवाय उभं राहतं, असं दुसऱ्या वर्गाच्या पालकांनी बजावलं होतं. शाकाहारी पर्याय रोज असतो, फक्त आधी निवडून ठेवावा लागतो.

खरा पैसा गेला दप्तरात. शुलरांझन नावाच्या या पेटीसारख्या दप्तराची इथे एवढी चर्चा असते की लग्नाच्या शालूची नसेल. पाठीचा आधार, चमकणाऱ्या पट्ट्या, लावायची-काढायची चित्रं. नवीन दोनशे-तीनशे युरो. आम्ही जुनं घेतलं, शेजारच्या रस्त्यावरच्या एका मुलीचं, साठ युरोला. चिऊने त्यावरचा घोडा काढून मांजर लावलं. पेन्सिली, रंग, वह्या, डिंक, खेळाची पिशवी, घरात घालायचे बूट अशी यादी आली, ती साधारण ऐंशी युरोची झाली. प्रत्येक पेन्सिलीवर नाव लिहायचं असतं. प्रत्येक. नावाचे छापील स्टिकर ऑनलाइन मागवा, नाहीतर माझ्यासारखी रात्र जागवाल.

शाळा सुरू झाली २ सप्टेंबरला, पण पहिलीच्या मुलांची शाळा सुरू होते त्यानंतरच्या शनिवारी, समारंभाने. २०२४ ला तो शनिवार होता ७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी. मी कॅलेंडर दोनदा बघितलं. सकाळी सहाला प्रतिष्ठापना, गुरुजी यूट्यूबवरचे, उकडीचे मोदक आदल्या रात्रीच सारण करून ठेवलेले. साडेनऊला शाळेच्या सभागृहात. दुसरीच्या मुलांनी दोन्ही भाषांत गाणी म्हटली, मुख्याध्यापिका दोन्ही भाषांत बोलल्या आणि लांबल्या. इथे पहिल्या दिवशी मुलाला त्याच्या उंचीच्या निम्म्याहून मोठा कागदी शंकू देतात, शुलट्यूटे, आत खाऊ आणि लहानसहान वस्तू. चिऊच्यात आम्ही रंग, एक टॉर्च, चॉकलेटं आणि सासूबाईंनी पाठवलेल्या राजगिऱ्याच्या वड्या भरल्या होत्या. वड्या आधी संपल्या. मुलं शिक्षिकांबरोबर वर्गात गेली, पालकांना अंगणात कॉफी, आणि घरी येऊन आरती. एका दिवसात दोन समारंभ, मी दुपारी सोफ्यावर आडवी.

पहिल्या पालकसभेत कळलं ते असं: घरचा अभ्यास फारसा नसतो, शाळा चारपर्यंत, आणि वाचनात पालकांनी मदत करायची ती आपल्याला येणाऱ्या भाषेत. मी बाईंना विचारलं, मराठीत वाचून दाखवलं तर? त्या म्हणाल्या, उत्तम. मग रात्री मराठी गोष्ट, सकाळी नवरा आणि चिऊ मिळून जर्मन अक्षरं. नवऱ्याचे उच्चार ती सुधारते. इंग्रजीत ती आता वाक्यं जोडायला लागली आहे, वर्गात शेजारी बसणारी मुलगी फक्त इंग्रजी बोलते म्हणून. आम्ही त्यात काही केलेलं नाही.

शेवटी सुट्ट्यांचं. शाळेच्या दिवसांत मूल भारतात नेता येत नाही. विनापरवानगी गैरहजेरी म्हणजे दंड होऊ शकतो, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीची स्वस्त तिकिटं हा जुना मोह आहे. बर्लिनच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक पुढच्या कित्येक वर्षांचं सरकारी संकेतस्थळावर आधीच असतं. २०२४ ला शरद ऋतूची सुट्टी २१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर होती, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे सुट्टीतच. २०२५ लाही दिवाळी सुट्टीतच आली. सुट्टीतली तिकिटं महाग असतात, तर आत्ताच बघून ठेवा.